अग्र स्वस्तिक अस्थिबंध (एसीएल)

अग्र स्वस्तिक अस्थिबंध हा गुडघ्याच्या सांध्यात मांडीचे हाड व नडगीचे हाड यांना आतून जोडणारा बळकट तंतुमय पट्टा आहे. त्याच्यामागे पश्च स्वस्तिक अस्थिबंध असतो आणि दोघे एकमेकांना फुलीसारखे छेदतात. डॉक्टर आणि खेळाडू त्याला ‘एसीएल’ याच नावाने ओळखतात. ‘अग्र’ हे विशेषण थोडे फसवे आहे, कारण ते केवळ खालच्या टोकाला लागू पडते; वरचे टोक सांध्याच्या मागच्या अंगाला असते.

मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी दोन गोलाकार उभार असून त्यांच्यामध्ये खाच असते. बाहेरच्या उभाराच्या खाचेकडील पृष्ठभागावर, मागच्या भागात, हा बंध सुरू होतो आणि खाली, पुढे व आतल्या बाजूला तिरपा उतरत नडगीच्या सपाट माथ्यावर पुढच्या भागात रुजतो. त्याची लांबी सरासरी ३२ मिमी. आणि मधल्या भागातील रुंदी साधारण ७ ते १२ मिमी. असते. त्यात तंतूंचे दोन जुडगे असतात. गुडघा वाकवला की पुढचा-आतला जुडगा ताणला जातो, तर पाय सरळ केल्यावर मागचा-बाहेरचा अधिक ताठ होतो. त्यामुळे कोणत्याही कोनात बंधाचा काही भाग ताणलेलाच राहतो.

नडगीचे हाड मांडीच्या हाडाखालून पुढे सरकू न देणे हे त्याचे मुख्य कार्य. या सरकण्याला होणाऱ्या विरोधापैकी सुमारे ८५ टक्के विरोध एकटा हा बंध करतो. तिरप्या मांडणीमुळे तो नडगीच्या आतल्या बाजूच्या पिळालाही आवर घालतो, आणि रुग्णाला प्रत्यक्षात जाणवतो तो बहुधा याच आवराचा अभाव: सरळ चालताना त्रास नसतो, वळताना मात्र गुडघा अचानक ‘निसटतो’. बंधातील चेताग्रे ताणाची वार्ता मज्जासंस्थेकडे पोचवतात. मांडीच्या पुढचा स्नायू, विशेषतः गुडघा जवळजवळ सरळ असताना, नडगीला पुढे ओढून बंधावर भार टाकतो, तर मागचे हॅमस्ट्रिंग स्नायू तिला मागे खेचून त्याला साथ देतात.

पाऊल जमिनीवर रोवलेले असताना शरीर झटकन वळले, किंवा उडीनंतर गुडघा आत झुकला, तर कोणाचा धक्का न लागताही बंध तुटू शकतो. फुटबॉल, बास्केटबॉल आणि चढाईत सतत दिशा बदलावी लागणारी कबड्डी या खेळांत ही दुखापत नेहमीची आहे. तुटताना अनेकांना ‘कट्’ असा आवाज जाणवतो आणि काही तासांत सांध्यात रक्त साचून सूज येते. निदानासाठी गुडघा २० ते ३० अंश वाकवून नडगी पुढे ओढून पाहण्याची लॅकमन चाचणी विशेष भरवशाची मानली जाते.

हा बंध सांध्याच्या आत असला तरी श्लेषक कलेच्या (सांध्याच्या आतल्या पातळ अस्तराच्या) वेष्टनामुळे वंगणद्रवापासून वेगळा राहतो. बंधासोबत हे वेष्टनही फाटते, द्रवामुळे तुटलेल्या टोकांमध्ये रक्ताची गुठळी टिकत नाही आणि भरून येण्याची प्रक्रिया खुंटते. गुडघ्याच्या आतल्या कडेचा बंध अनेकदा केवळ बाहेरून बांधलेला आधाराचा पट्टा व व्यायामाने सांधतो. पूर्ण तुटलेल्या एसीएलच्या बाबतीत तशी खात्री नसते. म्हणून खेळाडूंमध्ये बहुधा तो नुसता शिवण्याऐवजी हॅमस्ट्रिंगचा किंवा गुडघ्याच्या वाटीखालचा कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा तंतुमय दोर) घेऊन नव्याने उभारला जातो.