घास अडकण्याचा आजार आणि विषाणूंवरचा संशय : मॅनोमेट्रीला येण्याआधी वाचा

आमच्याकडे अन्ननलिकेची मॅनोमेट्री (बारीक नळी घालून आतला दाब मोजण्याची तपासणी) करून घ्यायला येणारे अनेक जण रिपोर्टच्याही आधी कारण विचारतात. मागे नागीण झाली होती, त्यामुळे तर नाही ना? मोठा ताप येऊन गेला आणि तेव्हापासून घास उतरेनासा झाला, तो विषाणूच असेल का? शंका रास्त आहे आणि संशोधकांनाही ती बरीच वर्षं छळते आहे. पण त्यापायी नको त्या तपासण्यांवर पैसे जातात, म्हणून हे पत्रक.

बिघाड कुठे असतो

अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे एक गोल स्नायू असतो. एरवी तो आवळलेला असतो आणि घास आला की सैल पडतो. त्याला सैल पडण्याचा निरोप अन्ननलिकेच्या भिंतीतल्या चेतापेशी देतात, मुख्यतः नायट्रिक ऑक्साइडच्या मार्फत. अ‍ॅकॅलेशिया या आजारात नेमक्या याच पेशी नष्ट होतात. स्नायू आवळलेलाच राहतो, वरून येणारी आकुंचनाची लाटही मोडते. मग पाणीसुद्धा छातीत अडकतं, आडवं झालं की न पचलेलं अन्न तोंडात येतं, वजन उतरतं. आजार दुर्मीळ आहे. वर्षाला लाखात एक-दोन नवे रुग्ण, त्यामुळे कित्येकांवर आधी वर्षानुवर्षं अ‍ॅसिडिटीचेच उपचार होतात.

विषाणूवर संशय का

रुग्णांच्या अन्ननलिकेचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा मरणाऱ्या चेतापेशींभोवती रोगप्रतिकारक टी-पेशींचा घोळका दिसला. म्हणजे शरीर तिथे कशाशी तरी लढत होतं. संसर्गामुळे अशी हानी होऊ शकते, हे शागास आजारातून आधीच माहीत होतं. दक्षिण अमेरिकेत आढळणाऱ्या त्या आजारात एक परजीवी चेतापेशींचा नाश घडवून आणतो आणि अन्ननलिकेची दशा जवळपास हीच होते.

विषाणूंमध्ये सर्वाधिक संशय ओठांवर फोड आणणाऱ्या हर्पीस सिम्प्लेक्स-१ वर आहे. हा चेतापेशींत शिरतो आणि जन्मभर दडून राहतो. त्याला ज्या प्रकारचं अस्तर मानवतं ते तोंडात आणि अन्ननलिकेत असतं, जठरात आणि आतड्यांत नसतं. आजार अन्ननलिकेपुरताच का राहतो, याचं हे पटण्यासारखं उत्तर आहे. शिवाय इटलीतल्या संशोधकांनी रुग्णांच्या त्या गोल स्नायूतून काढलेल्या प्रतिकारक पेशी प्रयोगशाळेत या विषाणूसमोर ठेवल्या, तर त्या चवताळून उठल्या.

आता दुसरी बाजू. हाच विषाणू निरोगी माणसांच्या अन्ननलिकेतही सापडतो. कांजिण्या-नागिणीच्या विषाणूचे अंश काही रुग्णांत मिळाले, तर दुसऱ्या प्रयोगशाळांच्या हाती काहीच लागलं नाही. कोविडनंतर हा आजार जडल्याच्या काही नोंदी आहेत, पण सुट्या नोंदींवरून कारण ठरत नाही. आज अधिक ग्राह्य वाटणारी मांडणी अशी : विषाणू ठिणगी टाकत असावा, पण ज्यांच्या जनुकांत तशी प्रवृत्ती आहे त्यांच्यातच प्रतिकारशक्ती पुढे स्वतःच्या चेतापेशींवर उलटते. 2014 मध्ये मोठ्या जनुकीय अभ्यासात एचएलए-डीक्यू या प्रतिकारशक्तीशी निगडित जनुकांतले फरक या आजाराशी जोडलेले आढळले, त्याने या मांडणीला बळ मिळालं.

मग हर्पीसची रक्ततपासणी करावी का

आमच्या मते, यासाठी नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2016 सालच्या अंदाजानुसार 50 वर्षांखालच्या सुमारे 67 टक्के लोकांना हर्पीस सिम्प्लेक्स-१ चा संसर्ग झालेला होता. तुमचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर त्यातून अ‍ॅकॅलेशियाबद्दल काहीच कळत नाही. विषाणूविरोधी गोळ्यांचंही तेच : गेलेल्या चेतापेशी त्यांनी परत येत नाहीत. गिळताना तीव्र दुखत असेल आणि दुर्बिणीत हर्पीसचे व्रण दिसले, तर तो वेगळा आजार. तिथे या गोळ्यांचा उपयोग असतो.

कारण काहीही असो, उपचार तो आवळलेला स्नायू सैल करण्याचाच असतो : फुग्याने ताणून, 1913 पासून चालत आलेल्या, तो स्नायू कापण्याच्या हेलर शस्त्रक्रियेने, किंवा 2008 मध्ये जपानात सुरू झालेल्या, तोंडातून दुर्बीण घालून करायच्या पोएम पद्धतीने. यातलं काय निवडायचं हे बरंचसं आजाराच्या तीन प्रकारांपैकी तुमचा कोणता त्यावर ठरतं, आणि तो प्रकार मॅनोमेट्रीत कळतो.

येताना

एंडोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने आतून पाहण्याची तपासणी, आधी झालेली असावी. जठराच्या तोंडाशी असलेली गाठ हुबेहूब हीच लक्षणं दाखवू शकते. उतारवयात, थोड्या महिन्यांत वजन झपाट्याने घटलं असेल तर हे अजिबात टाळू नका. चालू औषधांची यादी आणा. ओपिऑइड (अफूच्या वर्गातल्या) वेदनाशामकांमुळे अ‍ॅकॅलेशियासारखाच आलेख येऊ शकतो, रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही आकडे बदलतात. मात्र कुठलीही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. किमान सहा तास उपाशी या. अन्न साचून राहत असेल तर आदल्या दिवशी काय खायचं ते फोनवर विचारून घ्या. बारीक नळी नाकातून जाते, त्या वेळी जरा उबळ येते, मग तुम्ही पाण्याचे छोटे घोट गिळायचे. भूल देत नाही, त्यामुळे एकटे आलात तरी चालतं.