टबमधलं कमळ

कमळ म्हटलं की तळं नाहीतर देवळाचं कुंड डोळ्यासमोर येतं, पण आता गच्चीवर, बाल्कनीत भोक नसलेल्या प्लास्टिकच्या टबात पण लोक कमळ लावतात आणि ते मस्त फुलतं. शास्त्रीय नाव नेलम्बो न्युसिफेरा. कंद चिखलात आडवा पसरत जातो आणि दरवर्षी त्यालाच नवीन पानं फुटतात.

नर्सरीत बऱ्याचदा वॉटर लिली म्हणजे कुमुदच कमळ म्हणून हातात देतात. लिलीचं पान पाण्यावर तरंगतं आणि देठापर्यंत चिरलेलं असतं, कमळाचं पान अख्खं गोल, देठ बरोब्बर मधोमध, आणि सुरुवातीची तरंगती पानं सोडली तर पुढची पाण्याच्या वर उभी राहतात. निळ्या कमळाच्या बिया ऑनलाइन विकतात त्या घेऊच नका, कमळात पांढरा, गुलाबी, पिवळा आणि त्यांच्या छटा एवढेच रंग, निळी असते ती लिली.

टब गोल घ्यावा, दीड-दोन फूट रुंद, कारण कंद कडेकडेने फिरत वाढतो आणि चौकोनी टबात कोपऱ्यात अडकतो. तळाला थोडं पूर्ण कुजलेलं शेणखत, वर पाच-सहा इंच शेतातली काळी चिकट माती. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) नको, ते तरंगतं. ताजं शेण तर अजिबात नको, पाणी सडतं आणि कंदही. कंद आडवा ठेवून कोंब मातीच्या वर राहील असा हलकेच दाबायचा, तरंगू नये म्हणून वर एखादा दगड. हा कोंब फार नाजूक असतो, तो मोडला की बहुतेक वेळा तो कंद गेलाच म्हणून समजा. सुरुवातीला पाणी मातीच्या वर दोन-तीन इंचच ठेवायचं.

बियांपासून पण येतं. बी इतकी टणक असते की चीनमध्ये जुन्या तळ्याच्या गाळातली सुमारे १३०० वर्षांपूर्वीची बी रुजवलेली आहे. म्हणून खळगा असलेल्या टोकाला पॉलिश पेपरने घासून आतला पांढरट भाग दिसला की पाण्यात टाकायची आणि पाणी रोज बदलायचं, आठवड्याभरात कोंब येतो. फूल मात्र आईसारखंच येईल असं नाही, आणि वाटही बरीच बघावी लागते.

फुलं येत नाहीत अशी तक्रार असते तिथे निम्म्या वेळा ऊन कमी पडत असतं. रोज सहा तास थेट ऊन हवंच, खताने ती कसर भरून निघत नाही. खत चार-पाच उभी पानं आल्यावरच, एनपीके (नत्र-स्फुरद-पालाश असलेलं रासायनिक खत) कागदात बांधून कंदापासून लांब मातीत खोचायचं. डासांसाठी गप्पी मासे सोडा. मावा (रस शोषणारी बारीक कीड) पडला तर पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन टाका.

पिवळी पानं कापताना देठ पाण्याच्या वर ठेवून कापा, कारण पानातली हवा देठातल्या नळ्यांतून कंदापर्यंत जाते आणि देठ पाण्याखाली कापला तर आत पाणी शिरून कंद कुजू शकतो.

फूल सकाळी उमलतं, दुपारपर्यंत मिटतं, असं तीन-चार दिवस, मग पाकळ्या गळतात. या दिवसांत फूल स्वतः उष्णता तयार करतं, बाहेर गारठा असला तरी आत तीसच्या वर तापमान राहतं.

थंडीत पानं वाळतात. झाड मेलं समजून टब रिकामा करू नका, माती ओली ठेवा, आणि फेब्रुवारीच्या सुमारास कंद काढून वेगळे करून नव्या मातीत लावा.