जुन्या डिझेल बोट इंजिनाची स्लो रेस एकसारखी राहत नसल्यास काय तपासावे: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

हे माहितीपत्रक अशा बोटमालकांसाठी व तांडेलांसाठी आहे, ज्यांच्या बोटीवर अशोक लेलँडचे सहा सिलिंडरांचे जुने इंजिन मायकोच्या लाइन पंपासह (सर्व सिलिंडरांचे प्लंजर, म्हणजे डिझेल ढकलणारे दट्टे, एका ओळीत असलेला इंजेक्शन पंप) अजून कामावर आहे. जुनी किर्लोस्करची आणि चिंचवडला बनलेली रस्टन इंजिने वापरणाऱ्यांनाही यातील बहुतेक मजकूर लागू पडेल, मात्र ज्या इंजिनांना प्रत्येक सिलिंडरसाठी स्वतंत्र पंप आहे त्यांनी लाइन पंपाविषयीचा भाग सोडून द्यावा. आमची मुख्य विनंती सुरुवातीलाच सांगतो: स्लो रेस, म्हणजे भाराविना चालणाऱ्या इंजिनाची सर्वांत कमी गती, डळमळू लागली म्हणून लगेच पंप उतरवून कॅलिब्रेशनसाठी, म्हणजे प्रत्येक सिलिंडरचे डिझेलचे माप जुळवण्यासाठी, आमच्याकडे आणू नये. पंपाला डिझेल पोहोचवणाऱ्या नळीत, फिल्टरमध्ये किंवा टाकीत दोष असताना पंप कितीही काटेकोर जुळवला तरी बोट पाण्यात गेल्यावर तोच त्रास पुन्हा सुरू होतो आणि ग्राहकाचा खर्च व मासेमारीचे दिवस दोन्ही वाया जातात.

दोष स्लो रेसवरच आधी का दिसतो

या आकाराच्या इंजिनात पूर्ण भारावर नोझलमधून, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोटीतून, एका फटक्याला जाणारे डिझेल जेमतेम एका मोठ्या थेंबाएवढे असते आणि स्लो रेसला ते त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर येते. इतक्या लहान मापात हवेचा एखादा बुडबुडा आला, एका नोझलची सुई किंचित अडकली किंवा एका प्लंजरची झीज इतरांपेक्षा जास्त असली, तर त्या सिलिंडरच्या वाट्याचे प्रमाण लक्षणीय बिघडते. भारावर हाच फरक एकूण पुरवठ्याच्या तुलनेत नगण्य ठरत असल्यामुळे खपून जातो. म्हणून बोट भरधाव नीट चालते आणि बंदरात शिरताना मात्र इंजिन थरथरते, अशी तक्रार ऐकून आम्हाला आश्चर्य वाटत नाही. स्लो रेसवरची अस्थिरता हा दोषाचा पहिला इशारा आहे आणि तो वेळीच ऐकणे स्वस्त पडते.

आधी कान देऊन ऐकावे

इंजिन चांगले तापल्यावर गियर न्यूट्रलमध्ये ठेवून काही मिनिटे केवळ आवाज ऐकावा. रेस एका ठरावीक लयीत वर जाऊन खाली येत असेल, म्हणजे इंजिन डुलत असेल, तर संशय गव्हर्नरवर (रेस आपोआप सांभाळणारा भाग), पंपाच्या रॅकवर (डिझेलचे प्रमाण कमी-जास्त करणारी सरकती दातेरी पट्टी) किंवा डिझेलमधील हवेवर घ्यावा. रेस तीच राहून इंजिन ठराविक अंतराने ठोका चुकवत असेल, तर एखादा सिलिंडर नीट पेटत नाही. मिनिटाला ६०० फेऱ्यांवर प्रत्येक सिलिंडर सेकंदाला ५ वेळा पेटतो, त्यामुळे एका सिलिंडरचे मिसिंग झपाट्याने येणाऱ्या पण नियमित हिसक्यांसारखे जाणवते. रेस मधूनच खाली पडून इंजिन बंद पडायला येत असेल व पुन्हा सावरत असेल, तर बहुधा डिझेलचा पुरवठाच अपुरा आहे. हे तीन प्रकार वेगवेगळे ओळखता आले, की तपासणीचा मोठा भाग वाचतो.

हवा कुठून शिरते

टाकी इंजिनापेक्षा खालच्या पातळीवर असेल, तर टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या (टाकीतून डिझेल खेचणारा लहान पंप) नळीत डिझेल खेचले जाते, दाबाने ढकलले जात नाही. या भागात सैल बंजो बोल्ट (नळी जोडणारा पोकळ बोल्ट) असेल किंवा तांब्याचा वॉशर चपटा झालेला असेल, तर तेथून डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत शिरते. त्यामुळे नळी कोरडी व स्वच्छ दिसते म्हणून ती निर्दोष आहे असे समजणे धोक्याचे आहे. आम्ही ग्राहकांना एकच साधी चाचणी करायला सांगतो. स्वच्छ डिझेलने भरलेला कॅन इंजिनापेक्षा उंचावर पक्का बांधून त्याची नळी थेट फीड पंपाच्या आवक बाजूला जोडावी, हँड प्रायमरने (हाताने डिझेल भरण्याच्या दट्ट्याने) हवा पूर्ण काढावी आणि इंजिन १५-२० मिनिटे स्लो रेसवर चालवावे. रेस स्थिर झाली तर पंप, नोझल आणि गव्हर्नर यांना हात लावण्याचे कारण उरत नाही, कारण दोष कॅनच्या मागच्या बाजूला, म्हणजे टाकी, टाकीचा व्हॉल्व्ह, वॉटर सेपरेटर किंवा जुनी नळी यांपैकी कुठेतरी आहे. या चाचणीत कॅनमधील पातळीवर सतत लक्ष ठेवावे, तो रिकामा होऊ देऊ नये. फिल्टरनंतरच्या कमी दाबाच्या नळीचा एखादा तुकडा तात्पुरता पारदर्शक लावला, तर बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. मात्र असा तुकडा इंजिनखोलीत कायमचा ठेवू नये, कारण उष्णतेने तो कडक होऊन फुटतो आणि आगीचा धोका उभा राहतो.

टाकीच्या हवेच्या छिद्रालाही विसरू नये. ते रंगाने, मिठाने किंवा गाळाने बुजले, तर टाकीत निर्वात होतो आणि काही तास चालल्यानंतरच रेस पडू लागते. झाकण क्षणभर उघडून रेस सुधारते का, हे पाहिले की उत्तर मिळते.

डिझेल, पाणी आणि जुने रबर

पावसाळी बंदीच्या काळात अर्धवट भरलेल्या टाकीत ओलाव्यामुळे पाणी साठते आणि डिझेल-पाण्याच्या सीमेवर जंतूंची काळपट, चिकट साय धरते. हंगामाच्या पहिल्या फेरीत हीच साय फिल्टर तुंबवते. म्हणून बोट वर घेताना टाकी पूर्ण भरून ठेवावी आणि उतरवण्यापूर्वी तळाच्या कॉकमधून थोडे डिझेल काचेच्या बरणीत घेऊन ते स्थिरावू द्यावे. तळाशी पाण्याचा थर दिसला तर केवळ फिल्टर बदलून भागत नाही, टाकी साफ करणे भाग आहे.

जुन्या इंजिनांच्या बाबतीत एक वेगळा मुद्दा आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या बीएस-६ डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत १० भागांपर्यंत आणलेले आहे. गंधक काढताना डिझेलमधील काही ॲरोमॅटिक घटकही कमी होतात, आणि जुन्या नायट्राइल रबराच्या सीलना फुगवून बसवून ठेवण्याचे काम हेच घटक करत असत. त्यामुळे वर्षानुवर्षे नीट बसलेल्या सील आकसून हवा घेऊ लागण्याची शक्यता असते. जुन्या सील व ओ-रिंग बदलताना आधुनिक डिझेलला टिकणाऱ्या फ्लोरोकार्बन रबराच्या घ्याव्यात, असे आम्ही सुचवतो.

एक सिलिंडर ओळखण्याची पद्धत

हवा नाही असे निश्चित झाल्यावर आणि ठोका चुकतच असेल, तर स्लो रेसवर एकेका नोझल पाइपचा युनियन नट सुमारे अर्धा फेरा सैल करावा. रेस खाली पडली तर तो सिलिंडर काम करतो आहे. काहीच फरक पडला नाही तर तोच कमकुवत आहे. हे करताना डोळ्यांवर चष्मा असावा, नटाभोवती जाड फडके असावे आणि फवाऱ्यासमोर हात किंवा हाताचे बोट कधीही धरू नये. इंजेक्शनच्या दाबाने निघालेले डिझेल कातडी भेदून आत जाते आणि ही जखम दिसायला लहान असली तरी हात गमावण्याइतकी गंभीर होऊ शकते, म्हणून तशी घटना घडल्यास वेळ न दवडता रुग्णालयात जावे. एकच सिलिंडर निकामी आढळल्यास त्याची नोझल शेजारच्या सिलिंडरमध्ये बदलून पाहावी. दोष नोझलबरोबर सरकला तर नोझल टेस्टरवर तपासावी लागते. दोष जागेवरच राहिला तर टॅपेटची फट, व्हॉल्व्हची बैठक, कॉम्प्रेशन आणि पंपाचा त्या क्रमांकाचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह यांकडे या क्रमाने जावे.

गव्हर्नर व रॅक

पंपाच्या तेलाची पातळी डिपस्टिकवर वाढलेली दिसली आणि तेलाला डिझेलचा वास आला, तर प्लंजर झिजलेले आहेत किंवा फीड पंपाची गळती तेलात उतरते आहे. पाणी शिरलेल्या पंपात रॅक गंजून अडखळतो आणि गव्हर्नर त्याला ढकलून पुढे जातो, मग मागे ओढतो. हीच ती डुलणारी रेस. इंजिन बंद ठेवून पंपाचे बाजूचे झाकण उघडल्यावर रॅक बोटाने दोन्ही दिशांना हलका सरकला पाहिजे. आतील दातेरी क्लॅम्पचे स्क्रू मात्र ग्राहकांनी ढिले करू नयेत, कारण त्यांनीच प्रत्येक सिलिंडरचे प्रमाण ठरते. रॅक अडकलेल्या पंपावर इंजिन सुरू केल्यास ते बेफाम पळू शकते, तेव्हा हवेचे तोंड झाकण्यासाठी जाड फळी हाताशी ठेवावी आणि ते काम करणाऱ्या खलाशाला आधीच समजावून सांगावे.

फक्त गियरमध्ये हलत असल्यास

न्यूट्रलमध्ये शांत चालणारे इंजिन गियर टाकताच थरथरत असेल, तर डिझेलच्या बाजूला शोध घेऊ नये. पंख्यावर (बोट ढकलणाऱ्या प्रोपेलरवर) दोर किंवा जाळे गुंडाळले आहे का, पंख्याचे पाते वाकले आहे का, कपलिंगचे बोल्ट सैल आहेत का आणि इंजिनाच्या पायाचे रबर बसले आहे का, हे पाहावे. लाकडी बोट वर ठेवलेली असताना तिचा आकार थोडा बदलतो. त्यामुळे शाफ्टची जुळणी बोट पाण्यात एक-दोन दिवस राहून स्थिरावल्यानंतरच अंतिम करावी. किनाऱ्यावर काटेकोर जुळवलेला शाफ्ट पाण्यात उतरल्यावर चुकीचा ठरण्याचे हे नेहमीचे कारण आहे.

थेट खाऱ्या पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांमध्ये मिठाचा थर साचू नये म्हणून तापमान कमी ठेवलेले असते. अशा इंजिनाची सकाळची स्लो रेस थोडी खरखरीत आणि धूर थोडा पांढरट असणे स्वाभाविक आहे. तापल्यावरही धूर पांढराच राहिला तर वर सांगितल्याप्रमाणे एकेक सिलिंडर पुन्हा तपासावा.

स्लो रेसचा स्क्रू वाढवून त्रास झाकण्याचा मोह टाळावा. बहुतेक जुन्या सहा सिलिंडरांच्या इंजिनांची स्लो रेस मिनिटाला ५०० ते ६०० फेऱ्यांच्या आसपास असते. ती वाढवली तर गियर टाकताना गियरबॉक्सला धक्का बसतो, धक्क्याला लागताना बोट आवरणे कठीण जाते आणि मूळ दोष मात्र तसाच वाढत राहतो.

वरील तपासणीनंतरही पंप आणावा लागला, तर उतरवण्यापूर्वी इंजिन व पंपाच्या कपलिंगवर टायमिंगची खूण करावी, नोझल पाइपांवर सिलिंडरचे क्रमांक लिहावेत आणि सर्व उघडी तोंडे स्वच्छ टोप्यांनी बंद करावीत. त्यांत चिंध्या कोंबू नयेत, कारण धागे प्लंजरमध्ये जातात. पंपासोबत सर्व नोझल आणि जुना फिल्टर न धुता आणावा. फिल्टरमधील गाळ पाहून आम्हाला टाकीविषयी बरेच काही सांगता येते आणि अनेकदा त्यानंतर पंपाचे काम लहान होते.