परिचारिका नोंदणीचे आंतरराज्य हस्तांतरण

एका राज्याच्या परिचर्या परिषदेकडे नोंदलेल्या परिचारिकेने दुसऱ्या राज्यात काम करण्यासाठी तेथील परिषदेच्या नोंदपटात नाव दाखल करून घेण्याची प्रक्रिया. परिषदांच्या कागदोपत्री तिला परस्पर नोंदणी म्हणतात; मुंबईच्या रुग्णालयांत ‘रेसिप्रोकल’ किंवा नुसते ‘एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) मागवणे’. भारतात परिचर्येची अर्हता, म्हणजे शैक्षणिक पात्रता, देशभर मान्य होऊ शकते, नोंदणी मात्र राज्यवार होते. महाराष्ट्रात ती महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे होते आणि परिषदेचे कार्यालय मुंबईत आहे.

परिचारिकांच्या नोंदणीचा भारतातील पहिला प्रांतिक कायदा म्हणून सामान्यतः मद्रासच्या १९२६ च्या कायद्याचा उल्लेख होतो. मुंबई इलाख्यात असा कायदा १९३५ मध्ये झाला. त्याआधीही मुंबईत बॉम्बे प्रेसिडेन्सी नर्सिंग असोसिएशन ही संस्था कार्यरत होती. तिची स्थापना १९०९ च्या सुमारास झाली असावी.

एका नोंदपटाने दुसऱ्याची दखल घ्यावी हे तत्त्व कोठून आले, याविषयी दोन प्रकारे विचार करता येतो. ब्रिटनच्या १९१९ च्या परिचारिका नोंदणी कायद्यात साम्राज्याच्या अन्य भागांत नोंदलेल्या परिचारिकांना प्रवेश देण्याची तरतूद होती. मात्र त्या भागानेही ब्रिटनमधील परिचारिकांना तशीच सवलत द्यावी, अशी अट होती. प्रांतिक परिषदांनी हाच नमुना उचलला, असे म्हणता येते. दुसरा विचार भारतीय परिचर्या परिषद अधिनियम, १९४७ याच्या अकराव्या कलमापासून सुरू होतो. अनुसूचीत समाविष्ट, म्हणजेच मान्यताप्राप्त, अर्हता कोणत्याही राज्याच्या नोंदपटात नाव घालण्यास पुरेशी आहे, असे ते कलम सांगते. यात देवाणघेवाणीची अट नाही. आजच्या प्रक्रियेचा कायदेशीर पाया म्हणून हे कलमच अधिक ग्राह्य वाटते. ब्रिटिश नमुन्याचा प्रभाव फार तर कार्यपद्धतीपुरता असावा.

महाराष्ट्राच्या बाबतीत एक गोष्ट अनेकदा निसटते. १९६० मध्ये राज्य स्थापन झाले तेव्हा पश्चिम महाराष्ट्र आणि मुंबई यांना मुंबई राज्याचा १९५४ चा परिचारिका कायदा लागू होता, तर विदर्भ व मराठवाडा यांना वेगळा कायदेशीर वारसा मिळाला होता. महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६ याने हे कायदे एकत्र आणले. म्हणजे नोंदपटांच्या जुळणीचा प्रश्न राज्याच्या सीमेबाहेर पाहण्याआधी सीमेच्या आतच सोडवावा लागला होता.

सर्वांत वादग्रस्त मुद्दा मान्यता नेमकी कशाला, हा आहे. १९४७ च्या अधिनियमाचे दहावे कलम अर्हतेच्या मान्यतेविषयी आहे. प्रत्यक्षात भारतीय परिचर्या परिषद दीर्घकाळ मान्यताप्राप्त संस्थांचीही यादी प्रसिद्ध करीत आली आणि राज्य परिषदा परराज्यातील अर्ज तपासताना त्या यादीत महाविद्यालयाचे नाव शोधू लागल्या. २०१७ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयासमोर हा प्रश्न आला. संस्थांना मान्यता देण्याचा अधिकार केंद्रीय परिषदेला नाही, अशी भूमिका त्या निर्णयातून पुढे आली. त्यानंतर कर्नाटकात शिकलेल्या विद्यार्थ्यांना इतर राज्यांत नोंदणी मिळेल का, ही चिंता निर्माण झाली. कलमांची शब्दरचना पाहता मान्यता अर्हतेला आहे, हा अर्थ अधिक सरळ दिसतो. संस्थेच्या दर्जाची तपासणी अर्थातच आवश्यक आहे. पण ती प्रवेशापूर्वी व्हायला हवी. चार वर्षे बी.एस्सी. नर्सिंग पूर्ण करून मुंबईत आलेल्या मुलीच्या अर्जावर ती होऊ नये.

प्रक्रियेचा गाभा पडताळणी हा आहे. अर्जदार मूळ परिषदेकडे ना हरकत प्रमाणपत्र मागते. ती परिषद नोंदणीची सत्यता नव्या परिषदेला कळवते. कागदपत्रे जुळली की नवा क्रमांक मिळतो. विलंब बहुधा पहिल्या दोन टप्प्यांत होतो. नावातील फरक हे त्याचे नेहमीचे कारण. केरळमधून आलेल्या अनेक परिचारिकांच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर नाव आणि एखादे आद्याक्षर एवढेच असते, आधारपत्रावर त्या आद्याक्षराचा विस्तार होऊन वडिलांचे किंवा घराण्याचे नाव येते, आणि लग्नानंतर पारपत्रावर पतीचे नाव जोडले जाते. नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, आडनाव असे तीन रकाने भरण्याची सवय असलेल्या महाराष्ट्रात ही एकच व्यक्ती आहे हे प्रतिज्ञापत्राने सिद्ध करावे लागते.

या काळात परिचारिकेची स्थिती अवघड असते. मुंबई शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ मध्ये पात्र परिचारिकेची व्याख्या राज्याच्या कायद्याखालील नोंदणीशी जोडलेली आहे. म्हणून खासगी रुग्णालयाची मेट्रन, म्हणजे परिचारिकांची प्रमुख, मुलाखतीतच महाराष्ट्राचा क्रमांक विचारते. तो नसेल तर अनुभवी सिस्टरलाही प्रशिक्षणार्थी किंवा मदतनीस म्हणून कमी पगारावर ठेवले जाण्याचा धोका असतो. अतिदक्षता विभागात काम केलेल्या व्यक्तीचे कौशल्य राज्याची हद्द ओलांडल्याने कमी होत नाही, आणि रुग्णाचेही यात नुकसानच आहे. बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या परिचारिका भरतीतही महाराष्ट्र परिषदेची नोंदणी अपेक्षित असते. याउलट केंद्र सरकारच्या संस्थांच्या जाहिरातींत बहुधा कोणत्याही राज्य परिषदेची नोंदणी चालते.

भारतीय परिचर्या परिषदेने विकसित केलेल्या ऑनलाइन नोंदणी व मागोवा प्रणालीत प्रत्येक परिचारिकेला आधारशी संलग्न असा राष्ट्रीय ओळख क्रमांक, म्हणजे एनयूआयडी, दिला जातो. राज्य बदलले तरी व्यक्तीची ओळख एकच राहावी, हा त्यामागील हेतू. मात्र अनेक दशकांपूर्वी हस्तलिखित नोंदवह्यांत दाखल झालेल्या नावांसाठी मूळ परिषदेच्या दप्तरातला तपास अटळ ठरतो.

राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका (प्रसूतीसेवा देणारी, मिडवाइफ) आयोग अधिनियम, २०२३ हा १९४७ च्या अधिनियमाची जागा घेण्यासाठी संमत झाला. त्यात राष्ट्रीय आणि राज्य असे दोन्ही नोंदपट कल्पिले आहेत.

एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसविका, या अर्हतेची नोंद नोंदपटाच्या वेगळ्या भागात होते. हस्तांतरणातही ती त्याच भागात घेतली जाते. पुरुष परिचारकांना जुन्या अभ्यासक्रमात प्रसविकाशास्त्राऐवजी पर्यायी विषय असे. त्यामुळे त्यांच्या जुन्या प्रमाणपत्रांवर परिचारक म्हणून नोंद आढळते, प्रसविका म्हणून आढळत नाही.