स्टीअरिंगची थरथर आणि तिचे मूळ

ताशी 100 किलोमीटर वेगाने धावणाऱ्या स्पोर्ट्स कारचे चाक एका सेकंदात सुमारे 14 वेळा फिरते, कारण त्या टायरचा परीघ साधारण 2 मीटर असतो आणि गाडी सेकंदाला जवळजवळ 28 मीटर अंतर कापत असते. निदानाच्या दृष्टीने हा 14 चा आकडा फार मोलाचा आहे. चाक, टायर, ब्रेक आणि त्यांना धरून ठेवणारे भाग यांचा मिळून जो भार स्प्रिंगच्या खाली असतो, त्याची स्वतःची कंपनसंख्या सेकंदाला 10 ते 15 च्या घरात असते. चाकाच्या फेऱ्या या संख्येशी जुळल्या की झोपाळ्याला नेमक्या वेळी झोका मिळावा तसे होते आणि एरवी न जाणवणारा असमतोल थरथर होऊन हातात उतरतो. म्हणूनच ताशी 80 पर्यंत सगळे ठीक असून 95 ते 110 च्या दरम्यान स्टीअरिंग थरथरत असेल आणि त्यापुढे पुन्हा शांत होत असेल, तर पहिला संशय चाकांच्या बॅलन्सिंगवर घ्यावा.

हा असमतोल किती लहान असू शकतो, हे पाहण्यासारखे आहे. रिमच्या कडेला 30 ग्रॅम वजन जास्त असेल, तर या वेगाला ते सुमारे 50 न्यूटन, म्हणजे 5 किलो वजनाइतका ओढा लावते आणि प्रत्येक फेरीत त्या ओढ्याची दिशा गोल फिरत राहते. वेग दुप्पट झाला की ओढा चौपट होतो. रिमच्या आतल्या बाजूला वाळलेला चिखलही एवढे सहज करू शकतो, म्हणून यंत्रावर चाक चढवण्याआधी ते आतून धुवावे. थरथर हातांपेक्षा सीटला अधिक जाणवत असेल तर मागची चाके आधी पाहावीत. ती फक्त ब्रेक दाबल्यावरच येत असेल तर डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसण्याची शक्यता मोठी असते.

गाडी एका बाजूला ओढते, ही दुसरी नेहमीची तक्रार. इथे लोक थेट अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन यंत्रावर मोजून जुळवणे, करून घेतात आणि माझ्या मते बहुतेक वेळ व पैसा तिथेच वाया जातो. रस्ता पाणी वाहून जावे म्हणून कडेला उतरता केलेला असतो, त्यामुळे उताराकडे किंचित सरकणे हा गाडीचा दोष नसतो. रुंद टायर रस्त्यावरच्या चाकोऱ्यांच्या मागे जातात, तेही तसेच. त्यानंतर पुढचे दोन टायर डावे-उजवे अदलाबदल करून पाहावेत. ओढ्याची बाजू बदलली तर दोष टायरच्या घडणीत आहे. टायर एकाच दिशेने फिरणारे असतील किंवा पुढच्या-मागच्या मापात फरक असेल, तर ही तपासणी विचारपूर्वकच करावी लागते. थोडा वेळ ब्रेक न लावता गाडी चालवून थांबल्यावर एक रिम दुसऱ्यापेक्षा स्पष्ट गरम लागला, तर त्या बाजूचा कॅलिपर, म्हणजे डिस्कवर ब्रेकचे पॅड दाबणारा भाग, अडकलेला आहे.

सांध्यांतील ढिलेपणा शोधण्याची सर्वांत भरवशाची रीत हातानेच करायची असते. गाडी चारही चाकांवर जमिनीवर उभी ठेवावी, एकाने स्टीअरिंग मध्यापासून दोन्हीकडे दोन-तीन बोटे एवढेच भराभर हलवावे आणि दुसऱ्याने टाय रॉड एंडवर, म्हणजे स्टीअरिंगची हालचाल चाकाकडे नेणाऱ्या दांड्याच्या टोकाच्या सांध्यावर, तळवा असा टेकवावा की बोटे सांध्याच्या दोन्ही बाजूंना स्पर्श करतील. सांधा चांगला असेल तर दोन्ही भाग एकजीव हलतात. झिजलेला असेल तर एक भाग आधी हलतो, बारीक ‘टक्’ असा धक्का तळव्याला लागतो आणि मग दुसरा भाग हलतो. गाडी जॅकवर घेऊन चाक हलवण्यापेक्षा ही तपासणी बोलकी असते, कारण इथे सांध्यांवर रोजचाच भार असतो. चाकाचा भाग आर्मला जोडणाऱ्या गोळ्याच्या सांध्यासाठी, म्हणजे बॉल जॉइंटसाठी, मात्र उलटे आहे: स्प्रिंग लोअर आर्मवर (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्यावर) टेकलेली असेल तर जॅक त्या आर्मखाली लावून सांध्यावरचा ताण काढल्याशिवाय त्यातला प्ले (ढिलेपणा) कळत नाही.

स्पोर्ट्स कारमध्ये याला विशेष महत्त्व आहे. वळणात टायरची पकड संपत येण्याआधी स्टीअरिंग किंचित हलके होते, कारण टायरच्या जमिनीला टेकलेल्या भागातील बलाचा केंद्रबिंदू पुढे सरकतो आणि चाक सरळ करू पाहणारा रेटा घटतो. पुढचे टायर घसरण्याआधी चालकाला मिळणारी ही पूर्वसूचना असते. ढिला टाय रॉड एंड किंवा घट्ट झालेला बॉल जॉइंट तीच बुजवून टाकतो.

मागच्या बाजूकडे दुर्लक्ष होते, हे मला फार खटकते. मागच्या आर्मचे रबरी बुश, म्हणजे सांध्यात बसवलेल्या रबराच्या नळ्या, मऊ पडले की ॲक्सिलरेटर सोडताच मागचे चाक किंचित बाहेर वळते आणि वळणात गाडीचे शेपूट अस्थिर वाटू लागते, मात्र चालकाला वाटते की स्टीअरिंगच बिघडले आहे. 1977 साली आलेल्या पोर्शे 928 मध्ये अभियंत्यांनी ‘वाइसाख ॲक्सल’ नावाची रचना केली होती, ती याच कारणासाठी: वेग कमी होताना मागची चाके आतल्या बाजूला वळावीत आणि गाडी स्थिर राहावी. बुशच्या दोन-चार मिलिमीटर हालचालीला तिथे एवढे मोल दिले गेले होते.

शॉकअब्सॉर्बर तपासायला गाडीचा कोपरा दाबून सोडण्याची पद्धत प्रसिद्ध आहे, पण ताठ स्प्रिंगांच्या गाडीत ती फसवी ठरते. बाहेर झिरपलेले तेल, टायरवर ठिकठिकाणी पडलेले वाटीसारखे खळगे आणि वळणातल्या उंचवट्यावर चाकाने जागा सोडणे, या खुणा अधिक खऱ्या असतात. स्प्रिंग कापून किंवा बदलून गाडी खाली बसवली असेल तर टाय रॉड आणि आर्म यांचे वर्तुळाकार मार्ग एकमेकांशी जुळत नाहीत. मग प्रत्येक खड्ड्याला चाक आपोआप थोडे वळते आणि कोणताही सांधा बदलून ते थांबत नाही.

अलाइनमेंटची पाळी यानंतर येते. टो, म्हणजे वरून पाहता चाक आत किंवा बाहेर वळलेले असण्याचा कोन, 1 अंशाने चुकला तर चाक दर किलोमीटरला सुमारे 17 मीटर आडवे फरफटल्यासारखे होते आणि टायरवर तळवा फिरवला की एका दिशेने गुळगुळीत, तर दुसऱ्या दिशेने करवतीसारखे लागते. ढिल्या सांध्यांवर घेतलेली मापे मात्र गाडी यंत्रावरून उतरताच बदलतात. बुश नवे बसवले असतील, तर त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना, नेहमीच्या उंचीवरच शेवटचे घट्ट करावेत. आर्म हवेत लोंबत असताना ते आवळले तर गाडी खाली येताच रबर कायमचे पिळलेले राहते, लवकर फाटते आणि जुनीच तक्रार नव्या सुट्या भागांसह परत येते.