कायट्रिड रोग (कायट्रिडिओमायकोसिस)

बेडूक, भेक (टोड), सॅलॅमँडर (पालीसारखे दिसणारे शेपटीवाले प्राणी) या उभयचर प्राण्यांच्या कातडीत वाढणाऱ्या बुरशीमुळे होणारा संसर्गजन्य रोग. तो मुख्यतः बॅट्रॅकोकायट्रियम डेंड्रोबॅटिडिस या बुरशीमुळे होतो. अभ्यासक तिला थोडक्यात ‘बीडी’ म्हणतात. तिच्या जवळची दुसरी जाती सॅलॅमँडरांना मारते. नेदरलँड्समधले अग्नी-सॅलॅमँडर झपाट्याने मरू लागल्यावर ती लक्षात आली आणि २०१३ मध्ये तिचे वर्णन झाले. माणसाला हा रोग होत नाही. जगभरच्या नोंदी एकत्र करून २०१९ मध्ये घेतलेल्या आढाव्यानुसार या रोगाने उभयचरांच्या किमान ५०१ जातींची संख्या घटली, आणि त्यांपैकी ९० जाती नामशेष झाल्या असाव्यात. एकाच रोगाने जीवसृष्टीची एवढी हानी केल्याची दुसरी नोंद नाही. तरीही वाघ-गेंड्यांच्या मानाने याची चर्चा फार कमी होते, हे खेदाने म्हणावे लागते.

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. पोटाखालच्या आणि मांड्यांच्या पातळ कातडीतून तो पाणी शोषतो, कातडीतूनच काही प्रमाणात श्वास घेतो आणि शरीरातल्या क्षारांचा तोलही तिथेच राखतो. बुरशी नेमकी याच कातडीवर बसते. तिचे चलबीजाणू (पोहू शकणारे, बीजासारखे सूक्ष्म कण) मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढे असतात. प्रत्येकाला एकच शेपटी असते आणि तिच्या जोरावर ते पाण्यात पोहतात, तेही जेमतेम दोन-तीन सेंटीमीटर. बेडकाची कातडी सापडली की शेपटी गळते, बीजाणू कातडीच्या पेशीत शिरतो आणि तिथे त्याची गोल पिशवी तयार होते. मानवेल असे तापमान असले तर चार-पाच दिवसांत पिशवी भरते, तिच्यातून एक बारीक नळी कातडीच्या पृष्ठभागाकडे निघते आणि नव्या बीजाणूंचा लोंढा पाण्यात सुटतो. त्यातले बरेचसे त्याच बेडकाच्या अंगावर परत बसतात. मूळ संसर्ग थोडा असला तरी काही आठवड्यांत अंगभर बुरशी होते ती यामुळेच.

कातडी जाड होते, तिचे पापुद्रे निघू लागतात. पण बेडूक मरतो तो जखमेने नव्हे. ऑस्ट्रेलियातल्या हिरव्या झाडबेडकांवरचे प्रयोग २००९ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा मृत्यूचे कारण उलगडले. रोगट कातडीतून सोडियम आणि पोटॅशियम आत घेण्याची क्रिया मंदावते, रक्तातले त्यांचे प्रमाण घसरते आणि शेवटी हृदय बंद पडते. एरवी रात्री फिरणारा बेडूक मरणाच्या आधी भर दिवसा उघड्यावर बसून राहतो, मागचे पाय आत ओढून घेत नाही, हात लावला तरी उडी मारत नाही. उताणा केला तर त्याला पालथे होता येत नाही.

नखे-केसांतले केराटिन हे कठीण प्रथिन जिथे असते तिथेच ही बुरशी वाढते. बेडूकमाशांच्या कातडीत ते नसते. ते फक्त तोंडाभोवतीच्या दातांच्या ओळींत असते. त्यामुळे बेडूकमासे संसर्ग घेऊनही जगतात आणि डबक्यात बुरशी टिकवून धरतात. पुढे त्यांचे बेडूक होऊन अंगावर केराटिनयुक्त कातडी आली की रोग बळावतो. एखाद्या डोंगरी तळ्यात बेडूकमासे भरपूर दिसतात आणि पिल्ले मात्र काठावर मरून पडतात, ते यामुळे.

शोध आणि उगम

१९८०च्या दशकात क्वीन्सलंडच्या पर्जन्यवनांतून आणि मध्य अमेरिकेच्या डोंगरांतून बेडूक नाहीसे होत असल्याच्या बातम्या येऊ लागल्या. कोड्यात टाकणारी गोष्ट अशी की ही राने राखीव होती. तिथे ना वृक्षतोड होती, ना शेतीची औषधे. १९८९ मध्ये इंग्लंडमधल्या कँटरबरीला उभयचर व सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अभ्यासकांची पहिली जागतिक परिषद भरली, तेव्हा अनेकांना कळले की आपल्यासारखाच अनुभव दुसऱ्या खंडातल्यांनाही येतो आहे. ऑस्ट्रेलिया आणि पनामातल्या मेलेल्या बेडकांच्या कातडीत एकच बुरशी असल्याचे १९९८ मध्ये जाहीर झाले. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात मेलेल्या निळ्या विषारी बेडकावरून ती वेगळी करून मेन विद्यापीठाच्या जॉइस लाँगकोर यांनी वाढवली, आणि १९९९ मध्ये तिचे नामकरण झाले.

ती जगभर कशी पोचली? आधी बोट आफ्रिकेकडे दाखवले जाई. १९३०च्या दशकापासून दक्षिण आफ्रिकेतले नखधारी बेडूक गर्भचाचणीसाठी जगभर पाठवले जात होते. स्त्रीचे मूत्र मादी बेडकाला टोचायचे. काही तासांत तिने अंडी घातली तर स्त्री गरोदर. पण २०१८ मध्ये देशोदेशीच्या बुरशीच्या जनुकांची तुलना झाली आणि उगम पूर्व आशियात, बहुधा कोरियन द्वीपकल्पात, असल्याचे दिसले. विसाव्या शतकात उभयचरांचा व्यापार वाढला तसा तिचा प्रसार झाला. खाण्यासाठी पाळले जाणारे अमेरिकी बुलफ्रॉग, शोभेसाठी विकले जाणारे बेडूक, प्रयोगशाळांचे प्राणी हे सगळे तिचे वाहक ठरले. बीजाणू स्वतः दोन-तीन सेंटीमीटर पोहतो. समुद्र त्याला माणसाने ओलांडून दिले. म्हणून या रोगाला निव्वळ निसर्गाची आपत्ती म्हणणे चुकीचे आहे.

पनामा

उभयचरांच्या अमेरिकी अभ्यासक कॅरन लिप्स यांनी कोस्टारिका आणि पश्चिम पनामातले बेडूक एकामागून एक डोंगरात संपताना पाहिले होते. साथ पूर्वेकडे सरकते आहे हे ओळखून त्यांच्या गटाने पुढच्या टप्प्यावर, एल कोपे इथे, आधीच मोजणी सुरू केली. २००४ च्या अखेरीस बुरशी तिथे पोचली आणि काही महिन्यांत ओढे शांत झाले. तिथल्या सुमारे ३० जाती दिसेनाशा झाल्या. त्यांतल्या काहींना शास्त्राने अजून नावही दिलेले नव्हते. पुढे तिथल्या सापांची विविधताही घटली, कारण अनेक सापांचे भक्ष्यच गेले. कोस्टारिका आणि पनामात बेडूक घटल्यानंतरच्या वर्षांत मलेरिया वाढल्याचेही २०२२ मधल्या एका अभ्यासात दिसले. बेडूक आणि त्यांची पिल्ले डास खातात, हे त्यामागचे संभाव्य कारण.

एल व्हाये दे आंतोनच्या परिसरातला सोनेरी बेडूक हा पनामाचा राष्ट्रीय मानबिंदू. खळाळत्या ओढ्यांच्या आवाजात ओरडणे ऐकू जात नाही म्हणून तो पुढचा पाय हलवून दुसऱ्या बेडकाला खूण करतो. साथ दारात आली तेव्हा संवर्धन केंद्राचे बांधकाम अपुरे होते. मग २००६ मध्ये पकडलेले बेडूक गावातल्या एका हॉटेलच्या खोल्यांत टाक्यांमध्ये ठेवले गेले. ती घाई उपयोगी पडली: आज ही जात बंदिस्त पैदाशीमुळेच टिकून आहे.

इतर ठिकाणे

ऑस्ट्रेलियाच्या कोसिअस्को राष्ट्रीय उद्यानातला दक्षिणी कोरोबोरी बेडूक जेमतेम तीन सेंटीमीटरचा, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा आहे. रानात तो नावापुरताच उरला आहे. त्याच दलदलीत राहणारा एक साधा, भरपूर आढळणारा छोटा बेडूक बुरशी अंगावर बाळगूनही फारसा मरत नाही. त्यामुळे कोरोबोरी कितीही कमी झाले तरी बुरशी तिथून जात नाही. एरवी यजमान विरळ झाला की साथ ओसरते; इथे ते घडत नाही. आता प्राणिसंग्रहालयांत वाढवलेले बेडूक कुंपण घातलेल्या, रोगमुक्त राखलेल्या जागांत सोडले जातात.

स्पेनच्या मायोर्का बेटावरच्या दाई-भेकांकडे हा रोग खुद्द संवर्धनाच्या कामातून गेला, बंदिस्त जागेत वाढवून सोडलेल्या भेकांबरोबर. तिथे बेडूकमासे पकडून त्यांना बुरशीनाशक औषधात न्हाऊ घातले गेले. तेवढ्याने भागले नाही, कारण डबक्यात परत सोडल्यावर पुन्हा लागण झाली. मग डबकी रिकामी करून खडकही जंतुनाशकाने धुतले, तेव्हा रोग हटला. रानातून तो हटवल्याचे हे पहिले उदाहरण (२०१५). मात्र बेटावरच्या मोजक्या कातळडबक्यांत जमले ते पर्जन्यवनातल्या वाहत्या ओढ्यात जमण्यासारखे नाही.

उष्णता ही बुरशीची दुखरी बाजू. १७ ते २५ अंश सेल्सिअसला ती जोमात असते आणि सुमारे ३० अंशांच्या पुढे टिकत नाही. ऑस्ट्रेलियात छोट्या हरितगृहांत भोके असलेल्या विटा रचून बेडकांना ऊबदार आसरा करून दिला, तेव्हा ते आपणहून विटांत जाऊन बसले, बरे झाले आणि पुढच्या लागणीलाही अधिक समर्थपणे तोंड देऊ लागले (२०२४). पनामातल्या काही जातीही सावरू लागल्या आहेत. तिथली बुरशी सौम्य झालेली नाही. बेडकांच्या कातडीतली प्रतिकारशक्ती वाढली आहे.

भारत

पश्चिम घाटात या बुरशीची पहिली नोंद २०११ मध्ये झाली. २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्या उत्तर सह्याद्रीतही, प्रदेशनिष्ठ आणि संकटग्रस्त जातींसह अनेक बेडकांवर ती सापडली. आढळलेला वाण आशियातलाच होता आणि बेडूक आजारी दिसत नव्हते. मध्य अमेरिकेसारखी मरतूक भारतात नोंदलेली नाही. आशियातले बेडूक आणि इथले वाण दीर्घकाळ एकत्र राहिले असावेत, हे त्याचे एक संभाव्य स्पष्टीकरण आहे. पण त्यावर विसंबून राहणे धोक्याचे ठरेल, कारण जगभर संहार केला तो व्यापाराबरोबर पसरलेल्या दुसऱ्याच वाणाने. भारताने बेडकांच्या तंगड्यांची निर्यात १९८७ मध्ये बंद केली. शोभेच्या परदेशी प्राण्यांच्या हौसेतून मात्र तो वाण आत येऊ शकतो. आंबोली भेकासारख्या, अगदी छोट्या टापूत राहणाऱ्या जातीला एक साथही पेलवणार नाही.

पावसाळ्यात बेडूक पाहायला रात्री सड्यांवर आणि ओढ्यांत उतरणाऱ्यांनी बूट व काठ्या ब्लीचच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवाव्यात (बुरशी कोरडेपणाने मरते), बेडूक हाताळावाच लागला तर प्रत्येकासाठी नवा हातमोजा वापरावा, आणि एका ओढ्यातला बेडूक, बेडूकमासा वा पाणी दुसऱ्या ओढ्यात नेऊ नये.