किंकाळीतली खरखर

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ आला. पडदा जवळजवळ काळा, लांबवर कुठंतरी एक दिवा, आणि मध्येच एक लांबलचक, फाटलेली किंकाळी. खाली मजकूर: 'कृष्णाकाठ, रात्री दीड. एकट्याने ऐकू नये.' भाची सुट्टीला सांगलीत आली होती. तिनं तो पांघरुणात शिरून चार वेळा लावला. चौथ्या वेळी आतून आई ओरडली, "बंद कर बघू ते अभद्र!" भाचीच्या हातावर काटा फुलला होता आणि ती हसत होती. "मामा, अजून एकदा ऐकूया?"

आवाज मी ओळखला होता. जुन्या वाड्यांच्या माळ्यावर आणि गोदामांच्या आढ्यांवर राहणारं गव्हाणी घुबड तसं ओरडतं. पिंगळ्यासारखं चिरचिरत नाही, मोठ्या घुबडांसारखं घुमतही नाही, सरळ किंचाळतं. हे सगळं ठाऊक असूनही माझ्या अंगावर काटा आलाच. पक्षी कोणता ते कळलं तरी काटा जात नाही, याचं मला फार कुतूहल आहे. भयकथा, भयपट, भयाण संगीत आपण हौसेनं का अनुभवतो, याचं निम्मं उत्तर मला तिथंच सापडतं.

ते उत्तर कानानं ऐकायचं तर आमच्या मिरजेला जायला हवं. सतारमेकर गल्लीत एका कारागिरासमोर तंबोरा घेऊन बसलो होतो. तंबोऱ्याला चार तारा. मधल्या दोन जोडीच्या, दोन्ही एकाच षड्जाला लावायच्या. त्यानं दोन्ही छेडल्या, तेव्हा त्या किंचित वेगळ्या होत्या. आवाज डुलत होता: मोठा, लहान, मोठा, लहान. त्यानं मणी केसभर सरकवला, डोल संथ झाला आणि मग थांबला. मी म्हटलं, आता एक तार मुद्दाम बिघडवा. त्याला ते आवडलं नाही, पण खुंटी फिरवली. डोल आधी जलद झाला, मग इतका जलद की मोजता येईना, आणि एका जागी त्याची नुसती खरखर झाली. दात आंबावेत तशी. "आता बास," म्हणून त्यानं तारेवर बोट ठेवलं.

यामागचं गणित सोपं आहे. एक तार सेकंदाला २०० वेळा कंप पावते, दुसरी २०३ वेळा. दोघींची कंपनं कधी एका दिशेनं पडतात तेव्हा आवाज वाढतो, कधी विरुद्ध पडतात तेव्हा मावळतो. असं सेकंदाला नेमकं ३ वेळा होतं, कारण फरक ३ चा आहे. फरक ३० केला की आवाज सेकंदाला ३० वेळा चढतो-उतरतो. आतल्या कानातल्या शंखासारख्या नळीत एक पडदा असतो आणि त्यावर प्रत्येक सुराची जागा ठरलेली असते. जवळजवळचे दोन सूर पडद्याचा एकच पट्टा हलवू पाहतात, म्हणून त्यांची ओढाताण तिथंच, कानात होते. सूर पुरेसे लांब गेले की प्रत्येकाला आपली जागा मिळते आणि खरखर संपते. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं १८६३ च्या ग्रंथात हे सविस्तर मांडलं. सेकंदाला ३० ते ४० च्या आसपास डोल आले की कानाला सर्वांत जास्त टोचतं, असं त्याचं निरीक्षण होतं. महामार्गावरच्या रंबलरवरून गाडी हळू नेली तर प्रत्येक पट्टी वेगळी कळते, वेगात नेली की खर्रर्र होतं. कानाचंही तसंच. इतके जलद ठोके एकेक करून मोजता येत नाहीत, आणि सलग सूर म्हणून ऐकण्याइतके ते जवळही नसतात.

आता किंकाळी. ल्यूक आर्नाल, डेव्हिड पोपेल आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये किंकाळ्यांचं पृथक्करण प्रसिद्ध केलं. आपण बोलतो तेव्हा आवाजाची पातळी अक्षरांच्या लयीत, सेकंदाला चार-पाच वेळा वरखाली होते. किंकाळीत ती ३० ते १५० वेळा होते. रोजच्या बोलण्यानं हा पट्टा जवळजवळ मोकळा ठेवला आहे. माणसानं बनवलेले धोक्याचे भोंगे मात्र त्याच पट्ट्यात वाजतात. किंकाळी जितकी खरखरीत तितकी ती ऐकणाऱ्याला भीतिदायक वाटली, आणि मेंदूतल्या अमिग्डाला या धोका हेरणाऱ्या भागात तितकी जास्त हालचाल दिसली.

ही खरखर गळ्यात तयार होते ती अशी. शांतपणे बोलताना दोन स्वरतंतू एका लयीत उघडझाप करतात. जीव तोडून ओरडताना फुप्फुसातून येणारा दाब त्यांना झेपत नाही. एक तंतू पुढे धावतो, दुसरा मागे पडतो, एकाआड एक कंपन लहानमोठं होतं आणि शेवटी लयच मोडते. गणितात या अवस्थेला केऑस म्हणतात. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे घोडीवर घासणाऱ्या तारेचा भरीव झणकार, हीही झणझणते, पण तिथं मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे स्वयंभू सूर ओळीनं उभे राहतात. किंकाळीत ती ओळच उरत नाही. म्हणून जवारी ऐकून डोळे मिटतात आणि किंकाळी ऐकून उघडतात.

भरताच्या नाट्यशास्त्रात भयानक रस कशानं निर्माण होतो याची यादी आहे. तिचा पहिलाच शब्द 'विकृतरव', म्हणजे बिघडलेला आवाज. पुढे शिवा म्हणजे कोल्ही येते, उलूक म्हणजे घुबड येतं, ओसाड घर येतं. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुस्तक मांडीवर ठेवून बसलो होतो. कुठलंही यंत्र हाताशी नसताना कुणीतरी इतकं नेमकं ऐकलं होतं.

सिनेसंगीतकारांनीही ते ऐकलं. १९६० च्या 'सायको' या भयपटाचं पार्श्वसंगीत बर्नार्ड हर्मननं फक्त तंतुवाद्यांवर रचलं. न्हाणीघरातल्या खुनाच्या प्रसंगाला दिग्दर्शक हिचकॉकला मुळात संगीतच नको होतं. हर्मननं तरीही रचलं आणि ऐकल्यावर हिचकॉकनं मत बदललं. तिथले व्हायोलिन अक्षरशः किंचाळतात. कॅलिफोर्नियातले डॅनियल ब्लमस्टाइन मार्मोट या खारीच्या कुळातल्या प्राण्यांवर काम करतात. पकडलेली पिल्लं लय मोडलेल्या आवाजात ओरडतात हे पाहून त्यांनी सहकाऱ्यांसह शंभराहून अधिक चित्रपटांचे ध्वनी तपासले. २०१० च्या त्या अभ्यासात भयपटांमध्ये असा मोडलेला आवाज मुद्दाम पेरलेला आढळला. मेटल या कर्कश रॉक संगीतातल्या गायकांची गुरगुर स्वरतंतूंच्या वर असलेल्या दुसऱ्या पडद्यांच्या जोडीतून येते. खरखर तीच, पण ती ताब्यात ठेवलेली असते.

इथं एका गोष्टीवर मला राग काढायचा आहे. '१९ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १९ कंपनांच्या आवाजानं भूत दिसतं' असे व्हिडिओ धडाक्यात फिरतात. मूळ गोष्ट इंग्लंडातल्या एका प्रयोगशाळेतल्या पंख्याची, १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेली: त्याच्या न ऐकू येणाऱ्या घुमण्यानंच तिथं भूत दिसल्याचा भास झाला, असा दावा होता. पुढे एका खोलीत असा न ऐकू येणारा आवाज सोडून प्रयोग झाला, तेव्हा त्याचा परिणाम दिसला नाही. लोकांना विचित्र अनुभव आले ते आवाज असो वा नसो. आणि त्या गव्हाणी घुबडाला अपशकुनी ठरवून दगड मारतात, अमावास्येला त्याचा बळी देतात, ते तर सरळ गुन्ह्याचं काम आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्याला संरक्षण आहे. उसाच्या फडातले उंदीर खाऊन ते शेतकऱ्याचं भलंच करतं. शेजारच्या साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांचे कार्यकर्ते भानामतीमागचा माणूस शोधून काढत. आपल्याला निदान किंकाळीमागचा पक्षी तरी शोधता यावा.

मग ही भीती गोड का लागते? डेन्मार्कमध्ये आरहूस विद्यापीठाच्या संशोधकांनी एका झपाटलेल्या घराच्या खेळात ११० जणांच्या छातीला हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रं बांधली. २०२० मध्ये निष्कर्ष आला: ठोके फारसे हलले नाहीत तेव्हा मजा कमी, फारच विस्कटले तेव्हाही कमी, मधल्या पट्ट्यात सर्वाधिक. ठेच्याचं असंच आहे. शरीर भाजल्याची वर्दी देतं, आणि आपल्याला ठाऊक असतं की भाजलेलं नाही. घंटा वाजली पाहिजे आणि आग नाही हेही कळलं पाहिजे. माझ्या अंगावरचा काटा पक्ष्याचं नाव विचारत नव्हता, आणि नाव माहीत होतं म्हणूनच मला तो हवाहवासा वाटला.

राहिला प्रश्न पुस्तकाचा, कारण पुस्तकाला आवाज नसतो. अचानक मोठा आवाज झाला की सुमारे ५० मिलिसेकंदांत पापणी मिटते. हे दचकणं मेंदूच्या देठातूनच होतं, विचाराला तिथं वावच नाही. चित्रपटाला ते कधीही साधता येतं. कॉमिक्सचा चित्रकार निदान उजव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत दार किलकिलं करून आतलं दृश्य पान उलटेपर्यंत राखून ठेवू शकतो. गद्य लेखकाकडे तेवढंही नसतं, आणि माझ्या मते म्हणूनच चांगली भयकथा सर्वांत खोल जाते. माणूस आधीच धास्तावलेला किंवा अंधारात बसलेला असेल तर त्याच आवाजाला तो अधिक जोरात दचकतो, हे प्रयोगांत दिसलं आहे. लेखक तासभर ती धास्ती मुरवत ठेवतो, आणि आवाज वाचणाऱ्याचं घर पुरवतं.

भाचीनं त्या रात्री माझ्या कपाटातलं भयकथांचं एक जुनं पुस्तक नेलं. आमच्या मागच्या खोलीवर पत्रा आहे. दिवसभर तापलेला पत्रा रात्री आकसतो आणि कधीतरी टक् करून वाजतो. साडेअकराला वाजला. पुस्तक जमिनीवर पडल्याचा आवाज आला, मग थोडी शांतता, मग हसू. मी दाराशी गेलो नाही. दोनेक मिनिटांनी पान उलटल्याचं ऐकू आलं.